चित्रसंयोगाची विद्या

छायाचित्र खोटे बोलत नाही, अशी एक समजूत छायाचित्राच्या जन्मापासून चालत आली आहे. मौज अशी की, छायाचित्राला खोटे बोलावयास लावण्याची कलाही जवळजवळ तितकीच जुनी आहे. ज्या दोन वस्तू कधीच एकमेकींच्या शेजारी नव्हत्या, त्या एकाच जागी, एकाच क्षणी आणि एकाच प्रकाशात होत्या असे पाहणाराला वाटावे, अशा रीतीने त्यांची चित्रे एकत्र आणणे हे या कलेचे काम. चित्रपटाच्या धंद्यात तिला कंपोझिटिंग म्हणतात. आपण तिला चित्रसंयोग म्हणू.

आज ही विद्या शिकणारे तरुण हजारोंनी आहेत. मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नई अशा शहरांतून तिचे वर्ग चालतात. विद्यार्थी संगणकापुढे बसतो, हिरव्या पडद्यापुढे उभ्या असलेल्या नटाचे चित्र उघडतो, एक कळ दाबतो आणि पडदा नाहीसा होतो. त्या जागी हिमालय येतो किंवा लंका येते. कळ दाबल्यावर काय घडते ते त्याला दिसते. परंतु का घडते हे त्याला कळतेच असे नाही. आणि ज्या दिवशी कळ दाबूनही नटाच्या केसांभोवती हिरवट तांबूस झालर उरते, त्या दिवशी त्याची गाडी अडते. कळ विकत मिळते, तत्त्व मिळत नाही. ते तत्त्व हाती यावे यासाठी या विद्येचा इतिहास पाहण्यासारखा आहे. कारण गेल्या पावणेदोनशे वर्षांत साधने कितीही बदलली, तरी कारागिरांपुढचा प्रश्न एकच राहिला आहे. एक चित्र कोठे संपते, दुसरे कोठे सुरू होते, आणि त्या दोहोंच्या सीमेवर नेमके काय असते? या विद्येचा इतिहास म्हणजे बव्हंशी कडेचा इतिहास आहे.

प्रारंभ झाला तो फसविण्याच्या हौसेने झाला नाही, नाइलाजाने झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर काचेच्या ओल्या तकटीवर छायाचित्रे घेत. त्या काळचे रसायन निळ्या प्रकाशाला फार हळवे असे. त्यामुळे समुद्र नीट उमटेपर्यंत प्रकाश दिला की आकाश पांढरेफटक होऊन जाई, आणि आकाशातील ढग सांभाळावे तर समुद्र काळाठिक्कर राही. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास यातून वाट काढली. त्याने समुद्राची एक निगेटिव्ह घेतली, आकाशाची दुसरी घेतली, आणि क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जोडून कागदावर एकच चित्र छापले. सांधा कोठे लपवावा, तर जेथे निसर्गानेच रेषा ओढली आहे तेथे, हा धडा त्याने प्रथम घालून दिला. आजचा कारागीरही सांधा लपविण्यासाठी आधी अशीच एखादी आयती रेषा शोधतो.

त्याच सुमारास, १८५७ साली, मूळचा स्वीडनचा पण इंग्लंडात स्थायिक झालेला ऑस्कर रेलांडर याने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून ‘जीवनाचे दोन मार्ग’ या अर्थाच्या नावाचे एक भव्य चित्र सिद्ध केले. मँचेस्टरच्या कलाप्रदर्शनात ते मांडले गेले आणि राणी व्हिक्टोरियाने त्याची एक प्रत विकत घेतली. परंतु वादही तेव्हाच पेटला. चित्रातील उघड्या आकृत्यांवर आक्षेप होताच; त्याबरोबर, असे तुकडे जोडून केलेल्या चित्राला छायाचित्र म्हणावे काय, हाही सवाल होता. छायाचित्र म्हणजे निसर्गाची साक्ष. ती साक्ष कातरून पुन्हा शिवली तर तिचे मोल काय? हा सवाल आज नव्याने विचारला जात आहे, म्हणून त्याची ही जुनी जन्मतारीख लक्षात ठेवावी.

चित्र चालू लागले आणि या कलेचे रूप पालटले. जॉर्ज मेलिएस हा पॅरिसचा जादूगार; त्याचे स्वतःचे नाट्यगृह होते. १८९८ साली त्याने एक छोटा चित्रपट काढला. त्यात तो आपले मस्तक उचलून शेजारच्या टेबलावर ठेवतो, खांद्यावर नवे मस्तक उगवते, तेही उचलतो, आणि शेवटी एकाच माणसाची चार मस्तके एकत्र गाऊ लागतात. यामागील तत्त्व फार सोपे आहे. काळ्या पडद्यावरून प्रकाश परतत नाही; म्हणून फिल्मचा तेवढा भाग कोरा राहतो. कोऱ्या भागावर पुन्हा चित्र घेता येते. मेलिएस फिल्म मागे गुंडाळी, मोजून तेवढीच फिरवी, आणि पुन्हा पुन्हा त्याच पट्टीवर चित्रे घेई. जेथे काही नको तेथे काळोख, हा त्याचा नियम. पुढे १९०३ साली अमेरिकेत एडविन पोर्टर याने ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ या चित्रपटात तारघराच्या खिडकीतून आगगाडी येताना दाखविली. खिडकीपुरता भाग झाकून खोलीचे चित्र घेतले होते, आणि मग खोली झाकून खिडकीत गाडी भरली होती. या झाकणाला, या आडपडद्याला, चित्रपटाच्या भाषेत मॅट म्हणतात. पुढील सगळी कथा या आडपडद्याचीच आहे.

या कथेत आपल्या दादासाहेब फाळक्यांचे स्थान मानाचे आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले हे गृहस्थ छायाचित्रण, छपाई आणि जादू अशा तिन्ही विद्यांत मुरलेले होते. ‘फाळके’ हे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादूचे प्रयोग करीत. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी प्रथम कुंडीतील अंकुराची वाढ चित्रित केली. रोज थोडे थोडे चित्र घेऊन कित्येक दिवसांचा काळ त्यांनी पडद्यावरील काही क्षणांत आणला, आणि ही चमत्कृती दाखवून ‘राजा हरिश्चंद्रा’साठी भांडवल उभे केले. तो चित्रपट १९१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात लागला. पुढे ‘लंका दहन’ (१९१७), ‘श्रीकृष्ण जन्म’ (१९१८) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटांनी पुराणांतील चमत्कार पडद्यावर आणले. दुहेरी छायांकनासारख्या युक्त्यांचा त्यांत मोठा वाटा होता. मेलिएस आणि फाळके हे दोघेही जादूगार होते हा निव्वळ योगायोग समजू नये. प्रेक्षकाची नजर कोठे जाईल आणि कोठे जाणार नाही याचे शास्त्र जादूगाराला पाठ असते, आणि चित्रसंयोगाचा अर्धा भाग तेच शास्त्र आहे. मात्र पॅरिसच्या प्रेक्षकाने टाळ्या वाजविल्या; आपल्याकडील प्रेक्षकांनी पडद्यावरील राम आणि कृष्ण पाहून हात जोडले. युक्ती एकच, पण एके ठिकाणी तिने करमणूक दिली, दुसरीकडे दर्शन दिले.

खिडकी जागची हलत नाही, म्हणून तिचा आडपडदा एकदा कापला की काम भागते. माणूस हलतो. त्याच्यासाठी दर चौकटीला नवा आडपडदा हवा, आणि मूक चित्रपटाचा काळ संपल्यावर सेकंदाला चौकटी चोवीस ठरल्या. एक मार्ग हाताने काढण्याचा. मॅक्स फ्लायशरला १९१७ साली रोटोस्कोप या यंत्राचे पेटंट मिळाले. त्यात चित्रपटाची एकेक चौकट काचेवर पाडून तिच्यावरून रेषा गिरविता येई. दुसरा मार्ग छायाचित्राकडूनच आडपडदा करवून घेण्याचा. फ्रँक विल्यम्स याला १९१८ साली अशा कृतीचे पेटंट मिळाले. नट काळ्या पडद्यापुढे उभा करावयाचा, त्या चित्राच्या इतक्या गडद प्रती काढावयाच्या की शेवटी नटाची नुसती काळी सावली उरावी. ती सावली म्हणजेच चालता आडपडदा. पण काळ्या पडद्यापुढे उभ्या माणसाच्या अंगावरची सावलीही काळीच असते, आणि ती पडद्यात मिसळून जाते. काळोखाने कड दाखविता येत नाही, हे कारागिरांना कळून चुकले. मग ते रंगाकडे वळले.

१९४० साली ‘द थीफ ऑफ बगदाद’ हा रंगीत चित्रपट आला. त्यातील पोरसवदा चोराची भूमिका म्हैसूर संस्थानात जन्मलेल्या साबू या मुलाने केली होती. बाटलीतून निघालेला प्रचंड राक्षस आणि त्याच्यापुढे चिमुकला साबू, ही दृश्ये निळ्या पडद्याच्या साह्याने जुळविली होती, आणि हे तंत्र लॅरी बटलर याने बसविले होते. निळाच रंग का? कारण मनुष्याच्या कातडीत, मग ती गोरी असो वा सावळी, निळ्याचा अंश सर्वांत कमी. जे माणसात नाही त्याचाच पडदा करावा, म्हणजे दोघांना वेगळे करणे सोपे. त्या चित्रपटाला विशेष दृश्यांचे ऑस्कर मिळाले. तरीही आज तो पाहताना आकृत्यांभोवती निळसर रेषा डोळ्यांत भरते. कारण या रीतीला ‘आहे’ आणि ‘नाही’ असे दोनच शब्द ठाऊक होते. केसांची बट, काचेचा पेला, धूर, वेगाने फिरलेला हात, या गोष्टी पूर्णपणे ‘आहे’ही नसतात आणि ‘नाही’ही नसतात. त्यांच्या आरपार मागचे थोडे दिसते. कडेचे हे ‘थोडे’ पकडण्यात पुढची वीस वर्षे गेली.

ते ज्याने पकडले त्या पेट्रो व्लाहोसचे नाव प्रेक्षकांना क्वचितच ठाऊक असते. त्याची एक रीत सोडियमच्या दिव्यांची. रस्त्यावरील जुन्या पिवळ्या दिव्यांचा प्रकाश वर्णपटाच्या अगदी अरुंद पट्ट्यात, सुमारे ५८९ नॅनोमीटरवर, पडतो. तो पडद्यावर टाकून कॅमेऱ्यातील लोलकाने निराळा काढला की एकाच वेळी दोन फिल्म मिळतात. एकीवर नटाचे रंगीत चित्र, दुसरीवर तयार आडपडदा. डिस्नेच्या ‘मेरी पॉपिन्स’ (१९६४) मध्ये माणसे आणि रेखाटलेले पेंग्विन एकत्र नाचतात ते या रीतीने.

त्याची दुसरी रीत तत्त्वदृष्ट्या अधिक मोलाची आहे. तिचा उपयोग ‘बेन-हर’ (१९५९) मध्ये झाला. व्लाहोसच्या असे लक्षात आले की जगातील बहुतेक वस्तूंत निळ्याची मात्रा हिरव्याहून अधिक नसते. त्वचा, लाकूड, माती, पाने, पांढरे आणि करडे कपडे, सर्वांचे तसेच. पडद्यात मात्र निळे हिरव्याहून पुष्कळ जास्त. मग दर ठिकाणी निळ्यातून हिरवे वजा करावे. जेथे बाकी शून्य, तेथे नट पुरा आहे. जेथे बाकी पुरी, तेथे पडदाच पडदा. आणि जेथे बाकी अर्धीमुर्धी, तेथे धूर आहे, केस आहेत, हलता हात आहे. जितकी बाकी तितका मागचा पडदा दिसतो आहे. नटाच्या अंगावर पडलेली निळी झाक काढण्याचाही उपाय यातूनच मिळाला: निळ्याला हिरव्यापुढे जाऊ द्यावयाचे नाही. अर्थात ज्याने जांभळा शालू परिधान केला असेल त्याची पंचाईत होईल. पण एवढी किंमत परवडण्यासारखी होती. एका साध्या वजाबाकीने ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्यामधला सारा प्रदेश खुला केला. आज हिरव्या पडद्यावर विद्यार्थी जी कळ दाबतो तिच्या पोटात ही वजाबाकी, रंगांची अदलाबदल करून, अजून बसलेली आहे. पडदा हिरवा झाला तो मुख्यतः नव्या कॅमेऱ्यांमुळे. त्यांच्यापैकी बहुतेकांत दर चार प्रकाशग्राही ठिपक्यांपैकी दोन हिरव्यासाठी असतात, म्हणून हिरव्याची नोंद अधिक स्वच्छ मिळते.

तरीही फिल्मची एक मर्यादा राहिलीच. निरनिराळे तुकडे ऑप्टिकल प्रिंटर नावाच्या यंत्रात एकावर एक छापावे लागत, आणि प्रतीची प्रत काढली की प्रत्येक पिढीत चित्र थोडे खरबरीत होई. तुकडे केसभर सरकले तर आकृतीभोवती काळी रेषा येई. काळ्या आकाशात ती लपते. म्हणूनच ‘स्टार वॉर्स’ (१९७७) मधील अवकाशयाने काळ्या आकाशात सहज खपली, आणि त्याच्या पुढच्या भागात, १९८० साली, युद्ध पांढऱ्या बर्फावर आणल्याबरोबर कारागिरांच्या तोंडचे पाणी पळाले.

या अडचणीचे उत्तर चित्रपटगृहांत सापडले नाही. ते सापडले न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या लाँग आयलंडवरील एका संगणकशाळेत. तेथे १९७७ च्या अखेरीस एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ हे दोघे संगणकाने चित्रे काढण्याच्या खटपटीत होते. संगणकाचे चित्र म्हणजे असंख्य चिमुकल्या ठिपक्यांची रांगोळी. प्रत्येक ठिपक्याला, म्हणजे पिक्सेलला, तीन आकडे असतात: तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. कॅटमलला आपल्या आकृत्या निरनिराळ्या पार्श्वभूमींवर ठेवून पाहावयाच्या होत्या, आणि दर वेळी सारे चित्र नव्याने गणित करून काढणे म्हणजे वेळेचा चुराडा. तेव्हा दोघांनी ठरविले की प्रत्येक ठिपक्याबरोबर एक चौथा आकडा ठेवावा. हा ठिपका आपल्या जागेचा किती भाग व्यापतो, एवढेच त्या आकड्याने सांगावयाचे. शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे पूर्ण, आणि मधले अपूर्णांक म्हणजे मधली अवस्था. दोन राशींचे मिश्रण करण्याच्या सूत्रात ग्रीक अल्फा हे अक्षर वापरण्याचा प्रघात आहे, म्हणून या चौथ्या आकड्याचे नाव अल्फा पडले. संगणकाची स्मृती त्या काळी अत्यंत महाग होती, आणि चौथा आकडा म्हणजे तिचा तिसऱ्या हिश्शाने अधिक खर्च. तरीही त्यांनी तो केला. यातले खरे मोठेपण आकड्यात नाही, दृष्टीत आहे. तोवर आडपडदा ही चित्राबाहेरची, नंतर करावयाची वस्तू होती. या दोघांनी ती चित्राच्या अंगभूत केली. आता चित्र आपली कड आपल्याबरोबर घेऊन जन्माला येऊ लागले.

पुढचे पाऊल ल्यूकसफिल्म या संस्थेत टाकले गेले. टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला आणि एका चित्रावर दुसरे चित्र ठेवण्याचे संपूर्ण बीजगणित मांडले. दोन चित्रे एकत्र येण्याचे बारा प्रकार त्यांनी सांगितले: एक दुसऱ्याच्या वर, एक दुसऱ्याच्या आत, एक दुसऱ्याच्या बाहेर, इत्यादी. त्यांपैकी ‘वर’ हा सर्वांत महत्त्वाचा. एक उदाहरण घेऊ. एका ठिपक्याचा पाव भाग काळसर केसाने व्यापला आहे. केसाची उजळी ४०, मागच्या आकाशाची २००. केस पाव भागच आहे, म्हणून त्याचा वाटा १०. उरलेल्या पाऊण भागातून आकाश दिसते, त्याचा वाटा १५०. बेरीज १६०. एवढेच. पुढचे चित्र घ्या, आणि त्याने जेवढी जागा मोकळी सोडली तेवढेच मागचे चित्र तीत मिळवा.

पोर्टर आणि डफ यांनी आणखी एक सूचना केली. केसाची उजळी ४० म्हणून टिपून ठेवू नये; तिचा झालेला वाटा, १०, हाच टिपावा. ही हिशेबाची किरकोळ सोय वाटते. परंतु तिच्यामुळे सारे गणित सुटसुटीत होते आणि शाळेत शिकविला जाणारा साहचर्याचा नियम येथे स्वच्छपणे चालतो. तीन चित्रे एकमेकांवर ठेवावयाची असतील, तर वरची दोन आधी जोडून ती जोडी तिसऱ्यावर ठेवा, किंवा खालची दोन आधी जोडून त्यांवर पहिले ठेवा, निष्पत्ती एकच. क्रम बदलता येत नाही, कारण पुढचे ते पुढचेच आणि मागचे ते मागचेच. पण गट हवे तसे पाडता येतात. याचा अर्थ असा की धूर एकाने करावा, पाऊस दुसऱ्याने, नटाची आकृती तिसऱ्याने कापावी, आणि प्रत्येकाने आपला भाग अल्फासह पुढे धाडावा. शेवटी जोडणाराला सांध्याची चिंता उरत नाही. गिरणीत जसे कापसापासून कापडापर्यंत एकेक खाते असते तशी चित्रपटातील दृश्यांची खाती पडली, ती या नियमाच्या बळावर. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘टर्मिनेटर २’ आणि ‘ज्युरासिक पार्क’ हे चित्रपट आले, आणि ऑप्टिकल प्रिंटरचे युग संपत आले. आकड्यांची प्रत मूळाइतकीच शुद्ध असते. पिढीगणिक येणारा खरबरीतपणा कायमचा गेला. स्मिथ, कॅटमल, पोर्टर आणि डफ या चौघांना १९९६ साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

मग आता शिकणाराने शिकावयाचे काय उरले? पुष्कळच उरले आहे, आणि तेथेच खरी विद्या सुरू होते. पहिली गोष्ट प्रकाशाचे गणित. वरची बेरीज ही प्रकाशाची बेरीज आहे. परंतु संगणकाच्या पडद्यासाठी चित्रातील आकडे सहसा डोळ्याच्या सोयीने वाकवून साठविलेले असतात. ० ते २५५ या मापात अर्ध्या प्रकाशाचा आकडा १२८ असेल असे आपल्याला वाटते. वस्तुतः तो १८८ च्या आसपास असतो, आणि १२८ म्हणजे जेमतेम पंचमांशाहून थोडा अधिक प्रकाश. वाकविलेल्या आकड्यांची बेरीज केली की कड काळवंडते. म्हणून आकडे आधी सरळ करावेत, मग जोडावेत, आणि शेवटी पुन्हा वाकवावेत. केसांभोवतीची ती हट्टी झालर पुष्कळदा अशा चुकलेल्या हिशेबातून, किंवा एकाच वाट्याचा गुणाकार चुकून दोनदा केल्यातून, निघते.

दुसरी गोष्ट डोळ्याची. दोन चित्रांतील काळे सारखे काळे आहे काय? दूरचा डोंगर हवेच्या थरामुळे फिकट होतो. मग दूर ठेवलेला हत्ती तितकाच फिकट आहे काय? सूर्य डावीकडे असेल तर सावली उजवीकडे पडते, आणि हिरवळीवर उभ्या माणसाच्या हनुवटीखाली हिरवी छटा उमटते. एका भिंगाने घेतलेल्या चित्रात दुसऱ्या भिंगाचे चित्र आले तर क्षितिज जुळत नाही. एक खरबरीत आणि दुसरे गुळगुळीत असले तरी डोळा बिचकतो, जरी का बिचकला हे पाहणाराला सांगता येत नाही. या गोष्टी कोणतीही कळ शिकवीत नाही. त्या शिकाव्या लागतात घाटावर, बाजारात, पावसाळी संध्याकाळी, उघड्या डोळ्यांनी. अल्फा ही कडेची नोंद आहे. पण वस्तू जगात कशी असते, भोवतालचा प्रकाश ती कसा घेते आणि कसा परत देते, याची नोंद शिकणाराने स्वतःच्या मनात ठेवावयाची असते.

आणि येथे आपल्या देशाचा संबंध पुन्हा येतो. जगभरच्या चित्रपटांतील आकृत्या चौकटीमागून चौकट कापण्याचे काम आज मोठ्या प्रमाणावर भारतात होते. २०१४ साली मुंबईच्या प्राइम फोकसचा दृश्यचमत्कृतींचा व्यवसाय आणि लंडनची डबल निगेटिव्ह ही संस्था एकत्र आल्या. हा त्या व्यवहाराच्या विस्ताराचाच एक भाग. साहचर्याच्या नियमाने कामाचे गट पाडता येतात, तसे ते देशादेशांतही पाडता येतात. पण या सोयीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्याच्या वाट्याला आयुष्यभर एकाच नटाच्या केसांची कड कापणे येते, त्याला सारे चित्र कधी दिसत नाही, आणि चित्रपट संपताना धावत्या नावांत त्याचे नाव असलेच तर ते वाचण्याआधी प्रेक्षक उठलेले असतात. कड कापण्याचे काम यंत्रे आता झपाट्याने शिकू लागली आहेत. तेव्हा ज्याला केवळ कळ येते त्याचे काम कळच घेईल; ज्याला तत्त्व येते त्याच्या हाती चित्र राहील. फाळक्यांपाशी यंत्र साधे होते, परंतु कॅमेऱ्यापासून छापील प्रतीपर्यंत सारी विद्या त्यांच्या मुठीत होती. आपल्या तरुणांनी त्यांच्यापासून घ्यावयाचे ते हे.

राहिला रेलांडरच्या काळचा सवाल. जोडलेल्या चित्राला साक्ष मानावे काय? नाट्यगृहात किंवा चित्रपटगृहात बसलेला प्रेक्षक खूण जाणून असतो. हनुमान उडतो तेव्हा तो फसत नाही. तो त्या उड्डाणात आपल्या श्रद्धेने आणि कल्पनेने सामील होतो. तोच संयोग वार्तेचे रूप घेऊन, खूण पुसून, आपल्या हातातील फोनवर येतो, तेव्हा ती लबाडी होते. आज जिवंत माणसाच्या तोंडी त्याने न उच्चारलेले शब्द घालता येतात आणि कड शोधूनही सापडत नाही. अशा वेळी ही विद्या केवळ धंद्याची राहत नाही. सावली कोणीकडे पडली आहे, काळे कसे आहे, प्रकाश जुळतो काय, हे विचारण्याची सवय ज्याला आहे तो नागरिक सहजी फसत नाही. आणि जेथे डोळा हरतो तेथे तो निदान एवढे विचारतो की, हे चित्र मला कोणी दाखविले, आणि कशासाठी? चित्रे जोडण्याची विद्या मोजक्यांनी शिकली तरी पुरे; ती कशी जोडली जातात, एवढे मात्र प्रत्येकाला ठाऊक असावे.